तंत्र-मंत्र : लेन्स आधी, कॅमेरा मागाहून

मंडळी, गणपती जवळ आले की आमच्याकडे एका प्रश्नाची हमखास फेरी सुरू होते. "फुल-फ्रेम मिररलेस घ्यायचाय. सोनी घेऊ, कॅनन घेऊ, की निकॉन?" विचारणारे हौशी असतात. फोनच्या फोटोंनी त्यांचं समाधान होत नाही, जुना डीएसएलआर कपाटात पडलेला असतो आणि लेकीचं अरंगेत्रम सहा महिन्यांवर आलेलं असतं. प्रश्न रास्त आहे. पण आमच्या मते तो उलट्या टोकानं विचारला जातो. आधी कुठल्या उजेडात कशाचे फोटो काढणार ते ठरवावं, मग लेन्स, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. असं का, ते जरा विस्तारानं सांगतो.

पहिल्यांदा दोन शब्दांचे अर्थ. फुल-फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. हे माप आलं जुन्या पस्तीस मिलिमीटरच्या रोलवरून. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि हे माप रूढ झालं. आपल्या लहानपणीचे छत्तीस फोटोंचे रोलही याच मापाचे. मिररलेस म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेला कॅमेरा. डोळ्याला लावलेल्या छोट्या पडद्यावर थेट सेन्सरला दिसतं तेच दिसतं, त्यामुळे फोटो काळा येणार की पांढरा फटक पडणार हे बटण दाबायच्या आधीच कळतं. फोकसही सेन्सरवरच ठरतो, म्हणून आजचे कॅमेरे माणसाचा डोळा शोधून त्याला धरून ठेवतात. हौशी माणसासाठी हा सगळ्यात मोठा फायदा. सोनीनं २०१३ मध्ये ए-७ आणला, तो ऑटोफोकस असलेला पहिला फुल-फ्रेम मिररलेस. कॅनन आणि निकॉन २०१८ मध्ये उतरले, पॅनासॉनिक २०१९ मध्ये.

आता थोडं गणित. घाबरू नका, सातवीच्या पुढचं नाही. फुल-फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. त्याहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरचं साधारण ३६७. म्हणजे मोठ्या सेन्सरचा फायदा झाला सुमारे २.३ पट. याच फायद्यासाठी आपण हजार-पाचशे डॉलर जास्त मोजतो.

आता लेन्सकडे या. लेन्सवरचा एफ-आकडा जितका लहान, तितका आत येणारा उजेड जास्त, आणि तो आकड्याच्या वर्गाच्या हिशेबानं बदलतो. कॅनन आणि निकॉनचे २४-५० मिमीचे छोटे झूम ५० मिमीवर एफ/६.३ पर्यंतच उघडतात. साध्या ५० मिमी एफ/१.८ लेन्सशी तुलना करा. ६.३ भागिले १.८ म्हणजे साडेतीन, त्याचा वर्ग सव्वाबारा. म्हणजे सेन्सरनं २.३ पट कमावलं आणि लेन्सनं सव्वाबारा पट घालवलं! जिथे त्या झूमला १/२० सेकंद लागतो, तिथे एफ/१.८ ला १/२५० पुरतो. विसाव्या भागात नाचणाऱ्या मुलीचे हात पुसट होतात, अडीचशेव्या भागात हाताची मुद्रा स्पष्ट दिसते.

शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये आपले कार्यक्रम होतात, तिथला उजेड आपण सगळे जाणतोच. म्हणून आमचा पहिला सल्ला : सगळे पैसे कॅमेऱ्यात ओतून सोबत मिळणाऱ्या झूमवर भागवू नका. उदाहरण द्यायचं तर कॅननचा आर-८ हा २०२३ मध्ये १,५०० डॉलरच्या आसपास किमतीला आला, आणि त्याची ५० मिमी एफ/१.८ लेन्स २०२० मध्ये दोनशेच्या आसपास. ही जोडी अंधाऱ्या हॉलमध्ये त्याहून हजार डॉलर महाग कॅमेरा अधिक एफ/६.३ झूम या जोडीला सहज मागे टाकेल. रांगेत मागे बसणार असाल तर ८५ मिमी बघा. एक मात्र लक्षात ठेवा. एफ/१.८ वर फोकसची खोली फार थोडी असते. तीन रांगांचा ग्रुप फोटो काढताना एफ/५.६ किंवा ८ वर जा, नाहीतर पुढच्या काकू स्पष्ट आणि मागचे काका धूसर!

दुसरा मुद्दा माउंटचा, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स जिथे जोडतात त्या कड्याचा. कॅमेरा पाच-सात वर्षांत बदलला जातो, चांगली लेन्स पंधरा-वीस वर्षं टिकते. तेव्हा सोयरीक होते ती कॅमेऱ्याशी नाही, त्याच्या घराण्याशी. घराणी मुख्यतः चार. सोनीनं २०११ मध्येच आपल्या ई माउंटची माहिती इतर कंपन्यांना खुली केली, त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन वगैरेंच्या लेन्स तिथे भरपूर; वापरलेला मालही मुबलक. पॅनासॉनिक, लायका आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल माउंटसाठी हातमिळवणी केली, तिथेही सिग्माच्या लेन्स चालतात. निकॉनच्या झेड माउंटवर टॅमरॉनच्या काही लेन्स मिळतात. कॅननचं घर जास्त बंदिस्त. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला आरएफ माउंटचा परवाना मिळाल्याची घोषणा झाली, तीही लहान सेन्सरच्या लेन्सपुरती. कॅननच्या स्वतःच्या लेन्स उत्तम आहेत, पण तुमच्या बजेटमधली तुम्हाला हवी ती लेन्स त्या घरात आहे का, हे आधी बघून घ्या.

कपाटातल्या जुन्या लेन्सचं काय? कॅननच्या ईएफ ऑटोफोकस लेन्स कंपनीच्या ॲडाप्टरवर झकास चालतात. निकॉनवाल्यांनी जरा जपून. निकॉनच्या एफटीझेड ॲडाप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. लेन्सच्या नावात 'एएफ-एस' असेल तर ऑटोफोकस चालेल. नुसतं 'एएफ' किंवा 'एएफ-डी' असेल तर फोकस हातानंच फिरवावा लागेल. डोळा शोधणारं तंत्र घ्यायला म्हणून पैसे मोजायचे आणि मग कडं हातानं फिरवत बसायचं, याला काय अर्थ?

आता जाहिरातींतल्या आकड्यांविषयी. मेगापिक्सेल चोवीस असले तरी खूप झाले. ६००० बाय ४००० ठिपक्यांचा फोटो इंचाला ३०० च्या हिशेबानं वीस इंच रुंद छापता येतो. एवढा मोठा फोटो आपल्यापैकी किती जणांनी भिंतीवर लावलाय? कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण म्हणजे आपला हात हलला तरी सांभाळून घेणारी सोय. देवघरातली समई, संध्याकाळचा रस्ता यांना ती उपयोगी. पण समोरचं माणूस हललं तर ती काही करू शकत नाही. आर-८ मध्ये ती नाही, निकॉनच्या झेड-५ टू आणि पॅनासॉनिकच्या एस-५ टू मध्ये आहे. शिवाय त्या दोघांत दोन कार्डं बसतात. लग्नमुंजीचे फोटो काढणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. एक कार्ड बिघडलं तर तो मुहूर्त परत येत नाही.

बिनआवाजी शटर गाण्याच्या बैठकीत छान वाटतं, पण साध्या सेन्सरवर फोटो वरून खाली हळूहळू वाचला जातो. तबलजीची बोटं वाकडी येऊ शकतात आणि दिव्यांच्या लुकलुकण्यानं फोटोवर पट्टे उमटतात. अशा वेळी यांत्रिक शटर लावावं. इथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून १/६० किंवा १/१२५; भारतात ५० हर्ट्झ, म्हणून १/५० किंवा १/१००. पुतण्याच्या लग्नाला पुण्याला जाल तेव्हा ही खूणगाठ बांधून ठेवा. एलईडी दिव्यांचे चाळे मात्र वेगळे असू शकतात, तिथे दोन-चार फोटो काढून बघणं हाच उपाय.

शेवटचा मुद्दा वजनाचा, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बॅटरी-कार्डासह आर-८ साधारण ४६० ग्रॅम, सोनीचा ए-७सी टू सुमारे ५१५, झेड-५ टू ७०० ग्रॅम. त्यावर एफ/२.८ चा मोठा झूम चढवला की आणखी ७०० ते ९०० ग्रॅम. दीड किलोचं ओझं पहिले दोन महिने हौसेनं गळ्यात राहतं, मग घरी राहतं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. बाबा अंगणात मेथीच्या वाफ्याशी वाकलेले, आई नातीची वेणी घालतेय, असे क्षण कॅमेरा हाताशी असला तरच टिपले जातात. ती माणसं पुढल्या खेपेला येतीलच असं कोणी सांगावं? तेव्हा घरातल्या टेबलावर सहज पडून राहील इतका हलका कॅमेरा आणि त्यावर एक छोटी ४० किंवा ५० मिमीची लेन्स, ही जोडी आमच्या मते बहुतेक घरांना पुरेल.

निवड करण्याआधी दोन गोष्टी करा. गेल्या दोन वर्षांत काढलेल्या फोटोंतले तुमचे आवडते पन्नास निवडा आणि ते कुठे, किती उजेडात, किती अंतरावरून काढले ते बघा. पन्नासांतले चाळीस भर उन्हातले डोंगर-समुद्र असतील तर आहे तो कॅमेराच ठेवा आणि त्या पैशांत सहलीला जा. तसं वाटण्यात काही कमीपणा नाही. चाळीस घरातले आणि रंगमंचावरचे असतील तर फुल-फ्रेमचा खर्च सार्थकी लागेल. दुसरं, मनात भरलेला कॅमेरा आणि लेन्स एका शनिवार-रविवारपुरती भाड्यानं आणा. मंडळाचा कार्यक्रम असेल तोच वीकएंड पकडा. मूठ हातात बसते का, मेनू डोकं खातो का, बायको किंवा नवरा तो हातात घेऊन फोटो काढू शकतो का, हे कुठल्याही जाहिरातीत कळत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर घरच्या फोटोग्राफरचा स्वतःचा एकही फोटो अल्बमात सापडणार नाही!

फोटो काढल्यावर ते ठेवायचे कुठे आणि जपायचे कसे, हा वेगळाच मोठा विषय आहे. तो पुढच्या अंकात. तोवर गणपतीच्या आरतीला कुठली लेन्स लावली ते आम्हाला जरूर कळवा.