मारुतीचे भक्त आणि मारुतीची वानरे

जोयड्याच्या रानवाटेवर काळतोंड्या वानर दिसला की आम्ही हात जोडतो, केळे फेकतो आणि पुण्य पदरी पडले असे मानून पुढे निघतो. पण त्याची ओळख आम्ही कधी करून घेतली? येथून फारशा दूर नसलेल्या धारवाडच्या परिसरात १९६१ ते १९६३ या काळात वानरांच्या टोळ्यांचे निरीक्षण केले ते युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने. नवा नर टोळी बळकावतो तेव्हा अंगावरची पिले मारली जातात, हे त्याच्या नोंदींतून जगाला कळले.

यावर काही भाविक म्हणतात, ही देवाची विटंबना होय. आम्हांस हे मान्य नाही. देवत्व मारुतीचे, वानराला त्याचा वानरधर्म आहे. विटंबना असेल तर ती आमच्या केळ्यात आहे. त्या केळ्यापायी वानर रान सोडून रस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडतो. शिवाय अभयारण्यात प्राण्यांना छेडणे व कचरा टाकणे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

तेव्हा आमच्या देवस्थानांनी हे खाऊ घालणे बंद करावे आणि गावच्या मुलांना वह्या देऊन वानरांच्या नोंदी ठेवावयास शिकवावे. ज्याला आपण पूजतो त्याच्याविषयी अडाणी राहणे, याला भक्ती म्हणत नाहीत.