लॉनवर ड्रोन फिरवण्याआधी : चित्र काय सांगते, काय सांगत नाही

ड्रोन म्हटले की आज फवारणीच डोळ्यांसमोर येते. नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये साह्य त्यात आहे. हे ड्रोन मुख्यतः खते व औषधे फवारण्यासाठी आहेत. कॅमेऱ्याने पाहणी करणारा ड्रोन ही वेगळी सेवा आहे. क्रीडा मैदाने व गोल्फ कोर्सवर ती वापरली जाते. तुम्ही विक्रीसाठी लॉन घेत असाल किंवा मैदानाची देखभाल करत असाल, तर ती घ्यावी का?

मुद्दा पाण्याचा

दुष्काळात हिरवळीचे पाणी सर्वांच्या डोळ्यांवर येते. एप्रिल 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मे महिन्यातील बहुतेक आयपीएल सामने राज्याबाहेर गेले. एक एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 4,000 लिटर. रोज 2 मिलिमीटर जादा दिले, तर एकरी 8,000 लिटर वाया जाते. ही गळती शोधता आली तरच पाहणीचा खर्च सार्थकी लागतो.

चित्र कसे वाचावे?

निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परावर्तित करते. या दोहोंवरून 'एनडीव्हीआय' निर्देशांक काढतात. साध्या कॅमेऱ्याने तो मिळत नाही, मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा लागतो. दाट लॉनवर हा निर्देशांक लवकर कमाल पातळी गाठतो आणि फरक दिसेनासा होतो. म्हणून 'रेड-एज' पट्ट्यावरचा निर्देशांकही मागा. औष्णिक कॅमेऱ्यात पाण्याचा ताण पडलेले गवत जास्त तापलेले दिसते, कारण त्याचे बाष्पोत्सर्जन घटते.

मात्र चित्र 'कुठे' ते सांगते, 'का' ते सांगत नाही. पिवळा पट्टा नत्राची कमतरता, तुंबलेले नोझल, पायाखाली घट्ट झालेली माती, बुरशी किंवा हुमणी, यांपैकी कशाचाही असू शकतो. त्या जागी खुरप्याने गवताचा थर उचलून मुळे पाहा. चित्र पाहून थेट बुरशीनाशक फवारू नका. दोन तारखांची चित्रे ताडताना दोन्ही वेळा गवताची उंची आणि दिवसाची वेळ सारखी असू द्या. नुकत्याच कापलेल्या लॉनचे वाचन वेगळे येते.

आधी डब्यांची चाचणी

सारख्या आकाराचे, सरळ कडांचे 15-20 डबे लॉनवर समान अंतराने ठेवा. तुषार संच 20 मिनिटे चालवा आणि प्रत्येक डब्यातील पाणी पट्टीने मोजा. समजा एका डब्यात 6 आणि दुसऱ्यात 12 मिलिमीटर भरले, तर दोष संचात आहे. दाब, नोझल आणि अंतर तपासा. दुरुस्तीनंतरही ठिगळे राहिली, तर ड्रोन पाहणीचा विचार करा. एक-दोन एकरांत पायी फेरी बहुधा पुरते. अनेक मैदाने किंवा मोठे क्षेत्र असेल तेव्हाच नियमित पाहणी उपयोगी ठरते.

सेवा घेताना विचारा

- ड्रोन नियम 2021 नुसार ड्रोनला ओळख क्रमांक आहे का?
- 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि त्रयस्थ विमा आहे का?
- तुमची जागा डिजिटल स्कायच्या नकाशावर कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते? विमानतळाजवळ परवानगी लागू शकते.
- मूळ चित्रे तुम्हाला मिळतील का, की फक्त रंगीत नकाशा?

विस्तार कार्यकर्त्यांनी गटाला एकत्र करून आधी एकाच प्लॉटवर पाहणी करून घ्यावी. नकाशावरील पाच ठिपके निवडून तिथे माती उकरावी आणि निष्कर्ष जुळतो का ते पाहावे. जुळला तरच पुढचे पैसे द्या.