फॉरमॅट मारावा लागेल

काही वाक्यांपुढे वाद चालत नाही. डॉक्टर म्हणाले, "ॲडमिट करावं लागेल," की आपण टॉवेल आणि तांब्या पिशवीत भरायला लागतो. भटजी म्हणाले, "शांत करावी लागेल," की आपण नारळ आणायला निघतो. त्याच जातीचं तिसरं वाक्य अलीकडे आपल्याकडे रूढ झालं आहे. बंद पडलेला कॉम्प्युटर दुकानात न्यावा, दुकानदाराने तो एकदा चालू करून बघावा, रोगी हातचा गेल्यासारखी मान हलवावी आणि म्हणावं, "फॉरमॅट मारावा लागेल."

मराठी माणूस तसा बरंच काही मारतो. गप्पा मारतो, माशा मारतो, भिंतीला रंग मारतो. माशा सोडल्या तर यात कुणाच्या जिवाला धोका नसतो. फॉरमॅट मात्र खरोखर मारतो, आणि मारल्याबद्दल वर पाचशे रुपये घेतो.

या प्रथेशी माझं वैर आहे. त्याचं कारण सांगायचं तर माझ्या येडाबद्दल सांगायला हवं. मी निवृत्त शिक्षक. शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावात चार विहिरी आहेत. गेली नऊ वर्षं दर रविवारी मी गाठी मारलेली दोरी सोडून त्यांचं पाणी मोजतो आणि आकडे लॅपटॉपात लिहून ठेवतो. गावात याला "गुरुजींचं येड" म्हणतात. पण आमचा तालुका म्हणजे भातसा आणि तानसा धरणांचा. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं, आणि उन्हाळा लागला की इथल्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. अशा ठिकाणी कुठली विहीर कुठल्या आठवड्यात तळाला जाते हे कुणीतरी लिहून ठेवलेलं बरं. यंदा प्रथमच ग्रामपंचायतीने टँकरच्या अर्जाला जोडायला त्या नोंदी मागितल्या. नऊ वर्षांनी येडाला प्रतिष्ठा आली म्हणायची.

नेमक्या त्याच आठवड्यात लॅपटॉप अपडेट घेत असताना लाईट गेली. बॅटरीने प्राण आधीच सोडलेला होता. परत चालू केला तर पडद्यावर "आपोआप दुरुस्तीची तयारी चालू आहे" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि गरगरणारे ठिपके. तयारी संपे, दुरुस्ती झाली नाही असं कळे आणि पुन्हा तयारी सुरू होई. असा कारभार मी फक्त तालुक्याच्या रस्त्यांच्या बाबतीत पाहिला होता.

दुसरी प्रत काढून ठेवली होती का? नव्हती. हा प्रश्न मला आजवर इतक्या लोकांनी विचारला आहे, की वाचकांनी तेवढा राहू द्यावा.

दुकानातला मुलगा सभ्य होता. "काका, फॉरमॅट मारावा लागेल," तो म्हणाला.

"आणि आतलं?"

"आतलं जाणार. काही महत्त्वाचं होतं का?"

"होतं का"! अजून स्क्रूही उघडला नव्हता आणि माझ्या विहिरी भूतकाळात गेल्या. मी लॅपटॉप काखेत मारला आणि बाहेर पडलो.

आता या सगळ्याचं मूळ बघा. पूर्वी कॉम्प्युटरबरोबर एक तबकडी मिळायची. बंद पडला की ती घालायची. पुढे कंपन्यांना तबकडीचा खर्च जड झाला, आणि त्यांनी दुरुस्तीचं सामान त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात कोंडून ठेवलं. याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. म्हणजे घराची जादा किल्ली घरातच खुंटीला अडकवून बाहेरून कुलूप घालण्यातला प्रकार. बरं, त्या कोपऱ्याला सी, डी असं अक्षर नसतं, त्यामुळे तो आपल्याला दिसतही नाही. डिस्कचे पैसे मी दिले, जागा माझी, पण वापर माझा नाही. शहापूरकराला हे नवीन नाही. धरणाच्या काठी जन्म गेला आहे आमचा. शिवाय तो कोपरा एसटीतल्या प्रथमोपचार पेटीसारखा असतो. आहे एवढं सगळ्यांना ठाऊक, उघडून बघितली कुणी नाही. जानेवारी 2024 मध्ये विंडोजचं एक अपडेट या कोपऱ्यात मावेनाच. मायक्रोसॉफ्टने जगभरच्या माणसांना सांगितलं, काळी खिडकी उघडा आणि स्वतः आज्ञा लिहून कोपरा 250 एमबीने वाढवून घ्या. ऑक्टोबर 2025 च्या अपडेटने तर कमालच केली. दुरुस्तीच्या खोलीत शिरलं की यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस दोन्ही मुके. सहा दिवसांनी त्यांना वाचा फुटली.

पण मुलाची आणि माझी खरी तक्रार इथे वेगळी होते. तो म्हणतो, कंपनीनेच असं केलंय, मी काय करणार? मी म्हणतो, पुष्कळ करता येतं.

माझा भाचा मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळतो. किन्हवली-सरळगाव मार्गे एसटीने, लॅपटॉप मांडीवर घेऊन, मी त्याच्याकडे गेलो. रस्ता असा, की डिस्कमध्ये सैल झालेलं काही असलंच तर ते तिथेच बसलं असावं.

भाच्याने विंडोज भरलेला पेनड्राइव्ह लावला, त्यावरून लॅपटॉप सुरू केला आणि शिफ्ट व एफ-10 दाबून काळी खिडकी उघडली. "मामा, आधी तुमच्या विहिरी बाहेर काढू. दुरुस्ती मागनं." त्याने तिथे 'नोटपॅड' लिहिलं. त्याच्या 'फाइल उघडा'मधून सगळी डिस्क दिसते, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. नऊ वर्षांच्या नोंदी दोन मिनिटांत दुसऱ्या पेनड्राइव्हवर गेल्या. नव्या लॅपटॉपात डिस्कलाच बिटलॉकरचं कुलूप असतं आणि 48 आकडी किल्ली लागते. माझा जुनाट होता म्हणून वाचलो.

मग डिस्कपार्ट. "इथं 'क्लीन' एवढं कधी लिहू नका मामा, हे विचारत नाही, पुसून मोकळं होतं." 'लिस्ट व्हॉल्यूम' म्हटल्यावर यादी आली. तिच्यात आमचा सी ड्राइव्ह डी या नावाने बसला होता. बूटच्या फायली ठेवायचा 100 एमबीचा बिननावाचा तुकडा होता, त्याला त्याने एस हे अक्षर दिलं. 'बूटरेक'ची एक आज्ञा दिली, तर उत्तर आलं, "प्रवेश नाकारला." सरकारी कचेरीची सवय असल्याने मी उठायला लागलो. भाचा म्हणाला, "बसा, दुसरी खिडकी आहे." बीसीडीबूट, डी मधली विंडोज, एसवर, यूईएफआय. एक ओळ. बूटच्या फायली नव्याने तयार झाल्या. लॅपटॉप उठून बसला. चहा अजून गरम होता.

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलमुळे जगातले सुमारे 85 लाख कॉम्प्युटर आडवे झाले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तेव्हा दुरुस्ती काय केली? दुरुस्तीच्या खोलीत जायचं आणि ती एक फाइल पुसायची. 85 लाख डिस्कना कुणी फॉरमॅट मारला नाही. मग शहापूरच्या एकुलत्या एका लॅपटॉपलाच फाशी का? डिस्कच मेली असेल तर गोष्ट वेगळी. पण नाडी न बघता मर्तिकाचं सामान मागवायचं, हे कुठलं वैद्यक?

तरी परतताना, किन्हवलीच्या आसपास, मला त्या दुकानातल्या मुलाचंही पटायला लागलं. फॉरमॅट मारला की पाचशे रुपये, हे सगळ्यांना मान्य. तासभर काळ्या खिडकीत डोकं घालून एक ओळ लिहिली, तर आपणच म्हणणार, "एवढंसंच तर केलंस!" आपण मजुरी देतो ती केलेल्या नुकसानीच्या मानाने.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने ती ओळ बिलाच्या पाठीमागे माझ्याकडून दोनदा तपासून लिहून घेतली, आधी फायली काढायच्या हेही लिहिलं. मग पेन कानावर ठेवून म्हणाला, "पण काका, याचे किती लावायचे?"