मोफत म्हणजे बेवारस नव्हे!



आपल्या डिजिटल वर्गातल्या कॉम्प्युटरवर व्हीएलसी बहुधा असतंच. तेच ते, नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चित्र असलेलं. कवितेचा व्हिडिओ दुसरीकडे चालला नाही की आपण तो व्हीएलसीमध्ये लावतो. पैसे पडत नाहीत, म्हणून हे नक्की कोणाचं, असा प्रश्न पडत नाही. मलाही पडला नव्हता.

पॅरिसमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हे काम सुरू केलं. २००१ मध्ये ते जीपीएल या परवान्याखाली सर्वांना खुलं झालं आणि देशोदेशीच्या लोकांनी त्यात भर घातली. पण ज्याने जो कोड लिहिला, त्याचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहिला. जीपीएल म्हणतो, वापरा, बदला, वाटा, अगदी विकासुद्धा. मात्र दुसऱ्याला देताना कोडही द्या आणि जास्तीची बंधनं घालू नका.

२०१० मध्ये व्हीएलसी आयपॅडवर आलं. ॲप स्टोअरच्या अटी जीपीएलमध्ये बसत नाहीत, असा आक्षेप व्हीएलसीच्याच एका विकसकाने घेतला आणि जानेवारी २०११ मध्ये ते तिथून काढलं गेलं. वापरणाऱ्यांची गैरसोय झाली खरी, पण मला तरी त्या विकसकाचं चुकलं असं वाटत नाही. त्याने आपलं काम ज्या अटीवर दिलं होतं, ती अट त्याने आठवून दिली, एवढंच. पुढे मुख्य भागाचा परवाना थोडा सैल करायचं ठरलं, तेव्हा ज्यांचा ज्यांचा कोड होता त्या सगळ्यांना गाठून परवानगी मागावी लागली. शंभराहून जास्त माणसं! आयफोन-आयपॅडवर व्हीएलसी परत यायला २०१३ चा जुलै उजाडला.

हे सगळं आत्ताच का सांगतोय? आम्ही काही तंत्रस्नेही शिक्षकांनी मिळून पाढ्यांचं एक ॲप केलं होतं. कोणी चित्रं काढली, कोणी आवाज दिला, कोड दोघांनी लिहिला. ग्रुपवर टाकलं, खूप फिरलं. मग एकाने आमची नावं काढून, जाहिराती घालून ते स्वतःच्या नावाने टाकलं. आम्ही चिडलो, पण "घ्या आणि वापरा" यापलीकडे आम्ही तरी कुठे काय लिहिलं होतं?

काहीच लिहिलं नाही म्हणजे सगळं माफ, असं मात्र नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीइतकंच संरक्षण आहे, लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. त्यामुळे परवाना लिहिला नाही तर चोराचं फारसं अडत नाही, अडतं ते प्रामाणिकपणे विचारून वापरणाऱ्याचं.

यावर काही जण म्हणतात, सगळ्यांचे हक्क एकाच्या नावावर करून टाका. मला ते पटत नाही. उद्या त्या एकाचं मन बदललं तर? लिनक्समध्ये २००४ पासून एक साधी रीत आहे. कोड देणारा खाली आपल्या नावाची एक ओळ टाकतो: हे द्यायचा मला अधिकार आहे आणि मी ते या परवान्यावर देतोय. आपण मस्टरवर सही करतो ना, तसंच. मालकी ज्याची त्याचीच राहते.

आता आम्ही पाढ्यांच्या ॲपला परवाना लावतोय. बाकी सगळ्यांचे होकार लेखी आले. फक्त अर्धा कोड ज्या सरांचा आहे, ते कोरोनात गेले. त्यांचा हक्क आता घरच्यांकडे. दिवाळीच्या सुट्टीत वहिनींना भेटायला जाणार आहोत.