रूप पालटणारा बाहुला

शाळेच्या वार्षिकांत ग्रंथांचीं परीक्षणें येतात, नाट्यप्रयोगांचीं येतात, क्वचित् एखाद्या व्याख्यानाचेंहि येतें. परंतु खेळण्याचें परीक्षण सहसा येत नाहीं. खेळणें ही लहान मुलांची बाब, तिची दखल मोठ्यांनीं काय म्हणून घ्यावी, असें कित्येकांस वाटतें. वस्तुतः मुलाच्या हातीं पुस्तक येण्यापूर्वीं कितीतरी दिवस खेळणें आलेलें असतें; आणि शौर्य म्हणजे काय, शत्रु कोण, दुबळा बलवान् कसा होतो, ह्यांविषयींच्या त्याच्या पहिल्या कल्पना बहुधा खेळण्यावरूनच बनतात. ह्यास्तव ज्या बाहुल्यानें गेल्या तीस वर्षांत देशोदेशींच्या मुलांचें चित्त वेधलें, त्याचे गुणदोष येथें थोडक्यांत पाहण्याचें योजिलें आहे.

हा बाहुला म्हणजे 'पॉवर रेंजर्स' ह्या दूरचित्रवाणीवरील मालिकेंतील वीर. बांदाई ह्या जपानी कंपनीनें तो १९९४ सालीं बाजारांत आणिला. उंची सुमारें साडेपांच इंच, अंग प्लॅस्टिकचें. प्रथमदर्शनीं रंगीत पोषाख घातलेला तो एक साधा तरुण दिसतो. परंतु कमरपट्ट्याची कळ दाबली कीं त्याचें उघडें डोकें गर्रकन् छातीच्या पोकळींत जातें, आणि त्या जागीं शिरस्त्राण घातलेलें दुसरें डोकें वर येतें. क्षणापूर्वींचा विद्यार्थी आतां योद्धा झालेला असतो. 'ऑटो मॉर्फिन', म्हणजे आपोआप रूप पालटणारा, असें त्यास नांव दिलेलें होतें.

ह्या बाहुल्याची वंशावळ ध्यानांत घेतल्यावांचून त्याची परीक्षा नीट होणार नाहीं. १९९२ सालीं जपानांत तोएई कंपनीची 'क्योरयू सेंताई झ्यूरेंजर' ही मालिका दाखविली गेली. तींतील वीरांस पुराणकाळच्या महाकाय डायनोसॉर प्राण्यांचें बळ लाभलेलें असे. हाइम सबान ह्या निर्मात्यानें तीच मालिका अमेरिकेंत नेली आणि २८ ऑगस्ट १९९३ पासून ती 'पॉवर रेंजर्स' ह्या नांवानें दिसूं लागली. युद्धाचीं बहुतेक दृश्यें जपानी मालिकेंतील तशींच ठेविलीं. संभाषणाचीं दृश्यें मात्र अमेरिकन तरुणांस घेऊन नव्यानें चित्रित केलीं. म्हणजे चेहरा उघडा आहे तोंवर वीर अमेरिकेचा, आणि शिरस्त्राण चढलें कीं तो जपानचा! जपानी मालिकेंत पिवळ्या पोषाखाचा वीर पुरुष होता. अमेरिकेंत त्याच पोषाखाआड एक मुलगी आहे असें दाखविलें, आणि पाहणाऱ्या मुलांस कांहींहि संशय आला नाहीं. ह्या दृष्टीनें पाहतां बाहुल्याचीं दोन डोकीं म्हणजे दोन देशांच्या भागीदारीचें चित्रच होय. ज्यानें उड्या मारल्या आणि मार खाल्ला, त्याचा चेहरा मात्र ह्या दोहोंपैकीं एकाहि डोक्यावर नाहीं, ही गोष्ट विचारी वाचकानें लक्षांत ठेवावी.

आतां गुणांविषयीं. ह्या बाहुल्याचा पहिला गुण असा कीं, त्याची किमया यांत्रिक आहे आणि ती मुलास कळण्याजोगी आहे. त्यांत विजेचा घट नाहीं, दिवा नाहीं, आवाज नाहीं. कळ, स्प्रिंग आणि फिरतें डोकें एवढाच संसार. जिज्ञासु मुलगा चार वेळां कळ दाबून पाहील आणि पांचव्या वेळीं, हें आंत कसें फिरतें, असें विचारील. ज्या खेळण्यामुळें असा प्रश्न उत्पन्न होतो, तें अगदींच व्यर्थ कसें म्हणावें? दुसरा गुण असा कीं, हा वीर एकटा नाहीं. तांबडा, निळा, काळा, पिवळा, गुलाबी अशा पांचांचें तें पथक आहे. ज्याच्याजवळ एकच बाहुला आहे त्यास खेळ पुरा करण्यासाठीं दुसऱ्याच्या ओसरीवर जावेंच लागतें.

दोषहि आहेत. दोन डोक्यांसाठीं जागा करावी लागल्यानें छाती फुगीर झाली आहे आणि मान डावीउजवीकडे वळत नाहीं. योद्ध्यास बाजूचा शत्रु दिसावा तरी कसा? शिवाय जत्रेंतून आणि आठवड्याच्या बाजारांतून ह्याच्या ज्या स्वस्त नकला मिळतात, त्यांची स्प्रिंग फार दिवस टिकत नाहीं. मग डोकें अर्ध्यावर अडकतें, आणि वीर ना धड माणूस ना धड योद्धा अशा अवस्थेंत कोनाड्यांत पडून राहतो.

परंतु माझा मुख्य आक्षेप ह्याहून निराळा आहे. ह्या बाहुल्याचें रूपांतर फार सोपें आहे. कळ दाबणें ह्यापलीकडे त्यास कांहीं द्यावें लागत नाहीं. मूळच्या जपानी कथा अशा नव्हत्या. ह्या परंपरेचा एक आद्य पुरुष म्हणजे चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी. ३ एप्रिल १९७१ रोजीं सुरू झालेली 'कामेन रायडर' ही मालिका त्याच्या कल्पनेंतून निघाली, आणि १९७५ सालीं पांच रंगांच्या पथकाची पहिली मालिका 'गोरेंजर' हीहि त्याचीच. 'कामेन रायडर'चा नायक होंगो ताकेशी हा विद्यार्थी. दुष्टांची एक संघटना त्यास पळवून नेते आणि त्याच्या शरीरांत यंत्रें बसवून त्याचा नाकतोड्यासारखा योद्धा बनविते. मन बदलण्यापूर्वीं तो निसटतो एवढेंच. त्याच्या कमरपट्ट्यांतील चक्र वाऱ्यानें फिरतें आणि त्यास बळ देतें. परंतु तें बळ त्यानें मागितलेलें नाहीं, आणि पुन्हां साधा माणूस होण्याची वाट त्यास उरलेली नाहीं. रूपांतराची किंमत काय, हें त्या कथेस ठाऊक होतें. कथेचा बाहुला झाला तेव्हां कळ राहिली आणि किंमत गळाली.

व्यापाऱ्यांनीं हें मर्म लवकरच ओळखिलें. १९७१ सालाच्या अखेरीस जपानांत काल्बी कंपनीनें ह्याच वीराच्या नांवानें खाऊचें पुडकें काढिलें. किंमत २० येन, आणि प्रत्येक पुडक्याबरोबर वीराचें एक चित्र. मुलें चित्रासाठीं पुडकीं घेत आणि खाऊ फेंकून देत, इतकें कीं तो तेथें सामाजिक चिंतेचा विषय झाला. आपल्याकडेहि ह्याहून गंभीर प्रकार घडले. दूरदर्शनवर १९९७ पासून २००५ पर्यंत 'शक्तिमान' ही मालिका चालली. तींतील वीर गिरकी घेऊन रूप पालटीत असे. त्याच्या अनुकरणाच्या भरांत मुलांनीं स्वतःस इजा करून घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या, आणि प्रमुख नट मुकेश खन्ना ह्यांस पडद्यावरून मुलांची समजूत घालावी लागली.

मग अशा मालिका आणि बाहुले बंदच कां करूं नयेत, असें कोणी विचारील. न्यूझीलंडांत १९९४ सालीं पालकांच्या तक्रारींवरून 'पॉवर रेंजर्स'चें प्रक्षेपण थांबविण्यांत आलें. पुढें गंमत अशी झाली कीं, २००३ सालापासूनच्या नव्या मालिकांचें चित्रण त्याच देशांत होऊं लागलें! बंदीनें फारसें साधत नाहीं. मुलाच्या हातून बाहुला काढून घेतां येईल, पण आपण निराळे व्हावें, बलवान् व्हावें, ही त्याची इच्छा काढून घेतां येणार नाहीं; आणि ती काढून घेऊंहि नये. तिला खरी वाट दाखविणें हेंच वडील मंडळींचें काम होय.

ही वाट आपल्याच मुलुखांत आहे. मराठवाड्याच्या खेड्यांतून बहुरूपी पिढ्यान् पिढ्या फिरत आला आहे. आज फौजदार, उद्यां आणखी कोणी. पण प्रत्येक सोंगासाठीं त्यास त्या माणसाची चाल, बोली आणि ऐट अभ्यासावी लागते, आणि सोंग उतरल्यावर स्वतःच्या चेहऱ्यानें लोकांपुढें उभें राहून बिदागी मागावी लागते. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या कांठीं पैठण आहे. तेथील एकनाथांनीं सोळाव्या शतकांत भारुडें रचिलीं. त्यांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशीं नाना सोंगें आहेत. तेथें सोंग शत्रूस मारण्यासाठीं येत नाहीं. श्रोत्यास स्वतःकडे पाहावयास लावण्यासाठीं येतें. रूप पालटावयाचें तें कशासाठीं, हा प्रश्न आपल्या परंपरेनें असा सोडविलेला आहे.

आणि बीड जिल्ह्यांत तर हा प्रश्न केवळ खेळाचा नाहीं. दसरादिवाळीच्या सुमारास येथून असंख्य कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मुकादमाच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो. उचल घेतली कीं माणसाचें नांव हत्याराचें होतें. हेंहि एक रूपांतरच, आणि कोणतीहि कळ दाबून तें उलट फिरत नाहीं. अशा घरचा मुलगा आईबापांबरोबर फडावर गेला, तर त्याची शाळा ऐन मध्यावर तुटते. तोच जर गांवीं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत राहिला, पांचसहा महिने आईवांचून काढून परीक्षेस बसला आणि वरच्या वर्गांत गेला, तर त्याचें रूप खरोखर पालटलें असें मी म्हणेन. त्यास कोणी शिरस्त्राण देत नाहीं. तें रूपांतर क्षणांत होत नाहीं, आणि त्याची नक्कल बाजारांत मिळत नाहीं. ज्या वर्गांत असा मुलगा बसतो, तेथें परदेशी बाहुला मिरविणाऱ्यानें एवढा विचार अवश्य करावा कीं, आपल्या शेजाऱ्यापेक्षां आपण शूर आहों तो कशाच्या बळावर?

तेव्हां माझी सूचना अशी आहे. हा बाहुला प्रत्येकानें विकत घेण्याची आवश्यकता नाहीं. अस्सल बाहुल्यास आज हजारों रुपये पडतात, आणि नकली घेऊन पश्चात्ताप होतो. शाळेच्या हस्तव्यवसायाच्या वर्गांत असा एक बाहुला ठेवावा, शिक्षकांनीं तो मुलांसमक्ष उघडावा आणि आंतील रचना दाखवावी. त्यानंतर मुलांनीं स्वतः तसें कांहीं करून पाहावें. पुठ्ठ्याच्या एका पट्टीच्या दोन्ही टोकांस दोन चेहरे काढावेत, मध्यें खिळा घालून ती पट्टी दुसऱ्या पुठ्ठ्यावर फिरती बसवावी, खालचा चेहरा झांकेल असा अंगरखा पुढें चिकटवावा आणि मागून दोरा ओढावा. रूप पालटणारा बाहुला तयार झाला. पोळ्याच्या वेळीं मातीचे बैल घडविणाऱ्या हातांस हें काम मुळींच अवघड नाहीं. स्नेहसंमेलनांत ह्याची स्पर्धा ठेविल्यास परीक्षकांनीं रंगापेक्षां एका गोष्टीस अधिक गुण द्यावेत: आपल्या बाहुल्याचें पहिलें रूप कोणतें, दुसरें कोणतें, आणि एकाचें दुसरें होण्यास त्यास काय करावें लागलें, हें मुलानें स्वतःच्या शब्दांत सांगावें.

तात्पर्य, यंत्र म्हणून हा बाहुला चांगला आहे, सोबती म्हणून बरा आहे, परंतु गुरु म्हणून कच्चा आहे. त्याचें कौतुक करावें, त्याचें पोट उघडून पाहावें. शौर्याचे धडे मात्र वर्गांतल्या शेजाऱ्याकडून घ्यावेत.