उत्तरखंडाचे विस्मरण

व्हिडिओ गेमच्या उत्तरकृतीविषयीचा वाद बहुधा मोजणीपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. निन्टेंडोच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ मार्च २०१७ मध्ये आला आणि त्याची थेट उत्तरकृती ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’ मे २०२३ मध्ये. पहिल्यात १२० देवळे होती, दुसऱ्यात १५२ आहेत. पहिल्यात कोरोक बिया ९०० होत्या, दुसऱ्यात १००० आहेत. शिवाय आकाशातील बेटे, शिवाय जमिनीखालचे अंधारे जग. या बेरजेच्या आधारे एक पक्ष उत्तरकृतीला थोर ठरवतो. दुसरा पक्ष तीच वही उलट बाजूने वाचतो: हायरूलची भूमी तीच, डोंगर तेच, गावे तीच, म्हणजे ही पूर्ण किमतीला विकलेली पुरवणी. खेळाचे निर्माते एइजी आओनुमा यांनी पुरवणीसाठी सुचलेल्या कल्पना फार झाल्या म्हणून स्वतंत्र खेळ हाती घेतल्याचे सांगितले होते, तेही या पक्षाला पुराव्यासारखे वाटते. कृतीचा उगम कोठे झाला यावरून तिचे मोल ठरवण्याची ही रीत साहित्यसमीक्षेने केव्हाच टाकून दिली आहे. ती येथे पुन्हा उकरून काढण्याचे कारण नाही.

दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे. पूर्वकृती म्हणजे मालाचे कोठार आणि उत्तरकृतीने त्यात किती पोती वाढवली एवढाच प्रश्न. परंतु भर घालणे आणि उभारणी करणे या भिन्न क्रिया आहेत. भवभूतीने ‘महावीरचरिता’त रामाची कथा राज्याभिषेकापर्यंत आणली आणि ‘उत्तररामचरिता’त पुढची घेतली. पण ‘उत्तररामचरित’ केवळ पुढची कथा सांगत नाही. पहिल्याच अंकात राम आणि सीता स्वतःच्या गतायुष्याची चित्रे पाहतात. जे घडून गेले ते आता भिंतीवर आहे. ते पाहून सीतेला पुन्हा वनात जावेसे वाटते, आणि तीच इच्छा तिच्या त्यागाचे निमित्त बनते. पूर्ववृत्त येथे नुसती पार्श्वभूमी राहत नाही, ते नव्या दुःखाचे कारण होते. उत्तरकृतीकडून मागायचे असेल तर हे मागावे. नकाशा जुना की नवा, हा प्रश्न त्यापुढे अगदी दुय्यम आहे.

या कसोटीवर ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’ प्रथम चांगलाच उतरतो, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करायला हवे. पूर्वकृतीत डोंगर म्हणजे चढणे होते. पाऊस आला की हात निसटे आणि खेळाडू आडोसा शोधीत बसे. उत्तरकृतीत नायक लिंकला छतातून आरपार वर जाण्याची शक्ती मिळते. त्यामुळे ज्या कड्याशी खेळाडूने पूर्वी तास घालवला, त्याच कड्याखालची गुहा आता वाट ठरते. भूमी बदललेली नाही, भूमीकडे पाहण्याचे व्याकरण बदलले आहे. आणि पूर्वीची दमछाक ज्याच्या बोटांना आठवते त्यालाच या बदलाचा खरा अर्थ कळतो. भूगर्भातील जगाची रचना याहून सूक्ष्म आहे. वर जेथे डोंगर तेथे खाली दरी, वर जेथे देऊळ तेथे खाली प्रकाशमूळ. अंधारात चाचपडणारा खेळाडू वरच्या जगाच्या स्मृतीने खालची वाट शोधू शकतो. जुनी भूमी वापरली म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते नकाशा पाहतात, वावर पाहत नाहीत.

मग बिघडते कोठे?

पूर्वकृतीचा लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून स्मृती गमावून उठतो. तो बोलत नाही आणि खेळाडूलाही काही ठाऊक नसते. दोघांचे अज्ञान एकरूप असते. आठवणींचे तुकडे कोणत्याही क्रमाने सापडले तरी चालते, कारण विस्मृतीला क्रम नसतो. तेथे रूपबंध आणि आशय यांत फट राहत नाही. उत्तरकृतीने हा रूपबंध उचलला, पण तो ज्या कारणावर उभा होता ते कारण मागेच ठेवले. भूमीवर उमटलेल्या प्रचंड आकृत्यांत सांडलेले अश्रू खेळाडू हव्या त्या क्रमाने गोळा करतो आणि त्यांतून कळते, की भूतकाळात फेकल्या गेलेल्या झेल्डाने मणी गिळून ड्रॅगनचे रूप घेतले आहे. लिंकलाही हे कळलेले असते. तरीही राज्यभर लोक झेल्डाला शोधीत राहतात, तिच्या तोतया रूपामागे धावत राहतात, आणि लिंक गप्प! पूर्वकृतीत जे मौन अर्थपूर्ण होते ते येथे निव्वळ गैरसोय आहे. चार मंदिरांनंतर चार ऋषी जवळजवळ त्याच शब्दांत तीच युद्धकथा ऐकवतात, तीही याच दोषाची शाखा. खेळाडूला काय माहीत आहे हे ज्या कृतीला माहीत नाही, ती त्याची स्मृती कशी वापरणार? पूर्वकृतीतील चार महाकाय यंत्रपशू गेले कोठे, हेही खेळ सांगत नाही. स्पष्टीकरण नाही ही तक्रार तशी किरकोळ आहे. कोणी विचारीतही नाही, ही खरी तक्रार.

‘खेळात कथा गौण, क्रिया प्रधान’ असा बचाव यावर केला जातो. बचाव तत्त्वतः मान्य करावा आणि मग खेळाची अखेर त्याच निकषावर तपासावी. झेल्डा ड्रॅगन होते ती भंगलेल्या तलवारीला युगानुयुगे तेज देण्यासाठी. आणि या रूपांतरात स्वत्व कायमचे हरपते, असे खेळ आधीच बजावतो. पूर्वकृतीत तलवार जंगलातील चौथऱ्यावर होती आणि ती उपसताना हृदये रिकामी होत. येथे ती आकाशात फिरणाऱ्या ड्रॅगनच्या मस्तकात रुतलेली आहे आणि ती उपसताना दम संपत जातो. जुनी क्रिया नव्या वेदनेने भरण्याचा याहून चांगला नमुना या मालिकेत क्वचित सापडेल. पण शेवटी राउरू आणि सोनिया यांची छायारूपे लिंकच्या हाताला बळ देतात, झेल्डा पूर्ववत होते, लिंकला त्याचा गमावलेला हातही परत मिळतो. काळ उलटा फिरवण्याची शक्ती खेळाडूने शेकडो वेळा वापरलेली असते. ती वस्तूंवर चालते, सजीवांवर नाही, हे त्याच्या हाताला पाठ झालेले असते. शेवट हाताने शिकलेला हा नियमच झुगारतो. म्हणजे दोष कथेपुरता राहत नाही, तो क्रियेच्या गाभ्यात शिरतो. शिवाय पूर्वकृतीत मिफा, दारुक, रेवाली आणि उर्बोसा मेले ते मेलेच. त्यांचे आत्मे निरोप घेऊन गेले, कोणी परतले नाही. हानी ही हानीच राहते, हे पूर्वकृतीने मिळवलेले गांभीर्य होते. उत्तरकृतीने ते खर्चून टाकले.

मोठ्या खेळाला असे शेवट अपरिहार्य असतात, असेही कोणी म्हणेल. या मालिकेचाच इतिहास त्याला उत्तर देतो. १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’ची उत्तरकृती ‘मजोराज मास्क’ २०००मध्ये आली. वेळ थोडा होता, म्हणून पूर्वीच्या पात्रांचे चेहरेच नव्या माणसांना लावले गेले. मोजणी करणाऱ्यांच्या लेखी ही कृती दरिद्रीच ठरावी: मुख्य मंदिरे अवघी चार. परंतु ‘ऑकरिना’च्या शेवटी लिंक बालपणात परत पाठवला जातो, जेथे त्याचा पराक्रम घडलेलाच नसतो आणि कोणाला ठाऊकही नसतो. हे एकाकीपण ‘मजोराज मास्क’ने उचलले आणि त्याचा नियम केला. तीन दिवसांनी चंद्र कोसळणार. पूर्वकृतीत काळाचे दार उघडणारे तेच गीत वाजवून पहिल्या पहाटेकडे परतायचे. आणि परतताच सोडवलेल्या माणसांची दुःखे जशीच्या तशी पुन्हा उभी राहतात. अंजू आणि काफेई या जोडप्याला भेटवण्यासाठी खेळाडू तिन्ही दिवस खपतो. तिसऱ्या रात्री, चंद्र पडण्याच्या थोडे आधी, ती दोघे एकदाची भेटतात. मग गीत वाजते. त्यांनी दिलेला मुखवटा लिंकजवळ राहतो, आणि सरायीत अंजू पुन्हा काफेईची वाट पाहत असते.