होडीवाल्याचं लायसन कुणी मागितलं?

मागे एका हिवाळ्यात बचत गटातल्या बायकांना घेऊन मी बारामतीहून भिगवणकडे रोहित पक्षी बघायला गेले होते. आम्ही अकराजणी आणि दोन लेकरं. वर्षातली एकुलती एक सहल. होडीच्या इंजिनावर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. जॅकेटं फळीखाली कोंबून ठेवलेली. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "ती घालायची का रं?" पोरगा हसला. "मावशी, पाणी कमरेएवढं हाय. तुम्ही पक्षी बघा." सगळ्या हसल्या. मीही हसले. गावोगावी 'बायांनो, प्रश्न विचारा' असं सांगत फिरणारी मी; पण त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही.

२१ मे २०२४ नंतर त्या हसण्याची मला लाज वाटली. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी त्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली. सहाजण बुडाले. त्यांत एक तरुण जोडपं आणि त्यांची दोन चिमुकली होती. एकजण पोहत काठाला लागला. त्याआधी एप्रिल २०१७ मध्ये इंदापूर तालुक्यातच सहलीला आलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघांचा जीव गेला होता. म्हणजे हौसेनं बसा की गरजेनं, पाणी दोघांना सारखंच.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेचं पाणी पसरलं, गावं उठली, जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. पलीकडच्या काठाला माहेर, बाजार, दवाखाना. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झाला आहे. पण पुलाची वाट बघत कुणाची बाळंतपणं थांबत नाहीत. म्हणून बाई होडीत बसते. थंडीत तशाच होड्यांतून शहरातले पाहुणे पक्षी बघतात आणि होडीवाल्याच्या घरातल्या बायका त्यांच्यासाठी मासे-भाकरी रांधतात.

नियम नाहीत असं नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलवाहनांचा कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या होडीची नोंदणी हवी, तपासणी हवी, विमा हवा आणि चालवणाऱ्याकडे सक्षमतेचा दाखला हवा, असं तो सांगतो. राज्यात या कामासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१७ मध्ये होडी सुरक्षेच्या सूचनाही काढल्या. पण काठावर उभं राहून पाहिलं तर काय दिसतं? पाणी जलसंपदा खात्याचं, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, पक्षी वनखात्याचे आणि प्रेत पोलिसांचं. होडीतली जिवंत बाई कुणाची?

दाखला म्हणजे नुसता कागद, असं म्हणणाऱ्यांनी केरळातलं तानूर आठवावं. ७ मे २०२३ ला तिथली सहलीची बोट बुडून २२ जण गेले. त्यांत बायका-मुलं पुष्कळ होती. मासेमारीच्या बोटीची सहलबोट केलेली, माणसं प्रमाणाबाहेर भरलेली आणि चालवणाऱ्याकडे परवाना नाही. वारा बघून 'आज होडी सुटणार नाही' म्हणणं, अकराव्या माणसाला काठावर थांबवणं, यालाच सक्षमता म्हणतात. इंजिन काय, कुणीही चालू करतं.

आणि हा प्रश्न बाईचा का, ते सांगते. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोलीत वैनगंगेत होडी उलटली. मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया बुडाल्या. नावाडी वाचला, त्याला पोहता येत होतं. आपल्याकडे विहिरीवर भाऊ पोहतो आणि बहीण काठावर त्याचे कपडे सांभाळते. वयात आली की तेही बंद. मग एक दिवस अंगावर साडी, कडेला मूल, हातात पिशवी घेऊन तीच बहीण होडीत बसते. ज्याला पोहता येतं त्याला नियम मोडूनही वाचता येतं. जिला येत नाही तिचा जीव त्या नियमावर आणि त्या जॅकेटावरच असतो.

अपघात झाला की आठ दिवस होड्या बंद होतात. मग कुणी न बोलता पुन्हा सुरू होतात. सरसकट बंदी मला मान्य नाही. बंदीनं काठावरच्या भोई कुटुंबाची चूल विझते आणि मजूर बाईचा रोज बुडतो. आपली मागणी बंदीची नाही, जबाबदारीची आहे. होडीवाल्यांचं प्रशिक्षण आणि परीक्षा काठावरच्या गावात घ्या. गरीब माणसाला दाखल्यासाठी मुंबईच्या खेपा घालायला लावू नका. त्या प्रशिक्षणात घरातल्या बाईलाही बसवा. जाळं ओढणाऱ्या हातांना सुकाणू जड नाही. किती माणसं बसायची तो आकडा होडीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. साडीवर घालता येतील अशी आणि लेकरांच्या मापाची जॅकेटं ठेवा, आणि ती अंगावर असल्याशिवाय दोर सोडू नका. वादळाचा इशारा असला की होडी बंद. त्या दिवशी एसटीनं जादा फेरी सोडावी.

महिला ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव लिहून घ्या, त्याची प्रत तहसीलदारांना द्या, पोच घ्या. शाळेतल्या मुलींना पोहायला शिकवायची मागणीही त्यातच घाला.

यंदाही आम्ही पक्षी बघायला जाणार आहोत. पाय होडीत ठेवण्याआधी मी विचारणार आहे: "दादा, लायसन दाखव. जॅकेटं काढ." बायका हसतील, हसू देत. तुमच्या गावात तर, आहे का? होडी कोण चालवतं, त्याला कुणी तपासलंय का, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.